पुन्हा सांगणार नाही

"अहो, माझ्या गळ्यात गाठ आहे… ऐकताय ना? गाठ आहे, आणि ती आवाजाच्या नसेला चिकटून बसलीय!"

हातातला चहाचा कप तिनं त्याच्यासमोर ठेवला नाही, तसाच धरून ठेवला. निदान कप का आला नाही हे बघायला तरी हा माणूस मान वर करील, अशी एक वेडी आशा तिच्या मनात होती. पण त्यानं मान वर न करता नुसता हात पुढे केला, अंदाजानं कप पकडला, घोट घेतला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाईलवर खालून वर, खालून वर फिरतच राहिला.

"हं," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवून चालणार नाही. आणि ऑपरेशन करताना आवाज जाऊ शकतो. कायमचा!"

"हं… हं. बघू."

बघू! अरे, काय बघणार तू? बघायलाच तर तुला फुरसत नाही! तिच्या अंतःकरणातून एक कळ उठली आणि डोळ्यांपर्यंत येऊन थांबली. हे तिनं त्याला आज तिसऱ्यांदा सांगितलं होतं. पहिल्यांदा जेवताना सांगितलं, तेव्हा तो फोनवर कुणाला तरी फ्रीजचा थर्मोस्टॅट कसा काढायचा ते समजावत होता. दुसऱ्यांदा स्कूटरवर मागे बसून त्याच्या कानाशी सांगितलं, तर कानात ती बोंडं घातलेली! आणि आज, सकाळच्या लख्ख उजेडात, समोर उभी राहून, ठणठणीत आवाजात सांगत होती… आणि तिचा आवाज म्हणजे काय साधासुधा आवाज होता?

शहरातल्या मोठ्या बसस्थानकावर घोषणा करणारी ती. तिनं माईकचं बटण दाबून "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हटलं, की झोपलेला माणूस उठून बसायचा, रडणारं पोर गप्प व्हायचं, वर्तमानपत्रातली डोकी बाहेर यायची. फलाट बदलला म्हणून ती सांगायची आणि सगळा जनसमुदाय तिच्या शब्दासरशी या टोकाचा त्या टोकाला जायचा! आणि घरी? घरी एक माणूस तिच्या शब्दावर मानसुद्धा हलवायला तयार नव्हता.

आणि गंमत बघा, हाच माणूस एके काळी तिच्या आवाजासाठी वेडा झाला होता. स्थानकाच्या कँटीनमधला फ्रीज दुरुस्त करायला आला होता आणि काम संपलं तरी जाईना, शेवटी कँटीनवाल्यानंच विचारलं, "अहो, फ्रीज झाला ना गार? मग?" तर म्हणाला होता, "त्या बाईंची ड्यूटी संपू दे, मग जातो." तो फ्रीजवाला… आणि हा!

फोन आधी धंद्यासाठी आला. फोनवर कामं येत, त्यात वावगं काही नव्हतं. मग फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांचा एक ग्रुप निघाला, 'थंड डोक्याची माणसं' असं त्याचं नाव, आणि कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं त्यात यायला लागली. कुणाचा कॉम्प्रेसर चालू होऊन लगेच बंद पडतो, कुणाला गॅसची गळती सापडत नाही, आणि सगळ्यांना उत्तर देणारा हा एक. ते त्याला 'उस्ताद' म्हणायला लागले. मग तिनंही चिडवायला म्हणून उस्ताद म्हटलं, सासूबाईंनी म्हटलं, आणि हळूहळू घरात तेच नाव पडलं. प्रश्नांतून वेळ उरला की व्हिडिओ, व्हिडिओंतून वेळ उरला की बातम्या, आणि मग पुन्हा प्रश्न. ओळख ना पाळख अशा माणसाला उस्ताद अर्धा अर्धा तास न कंटाळता समजावायचा. आणि बायकोनं काही लिहिलं, की त्याखाली एक पिवळा अंगठा उमटायचा. भाजी आणा… अंगठा. लेकीची फी भरली का… अंगठा. मला आज बरं वाटत नाहीये… त्यावरही अंगठाच!

त्या दिवशी कप घेऊन ती स्वयंपाकघरात परत आली आणि ओट्याशी उभं राहून तिनं शेवटचा उपाय केला. माणूस फोनमध्येच राहतो ना, मग त्याच्या घरी जाऊनच सांगू! तिनं लिहिलं, 'माझ्या गळ्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे. आवाज कदाचित परत येणार नाही. मला खूप भीती वाटते. तुम्ही सोबत याल ना?' पाठवलं. बाहेरच्या खोलीत टिंग वाजलेलं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती वाट बघत राहिली.

अंगठा आला.

ती कितीतरी वेळ त्या पिवळ्या अंगठ्याकडे पाहत राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही… आला तो संताप! शांत, गार, हाडापर्यंत पोचलेला संताप. बस्स. आता पुन्हा सांगणार नाही! जीव गेला तरी या माणसाला आता एक शब्द पुन्हा सांगणार नाही!

घरात एकच माणूस असं होतं, की जे ती बोलायला लागली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. सासूबाई. म्हातारीला ऐकू येत नव्हतं. ओठ वाचून त्या सगळं ओळखायच्या, आणि बोलायच्या मात्र सगळ्या आळीला कळेल अशा. त्यांना तिनं एकदाच सांगितलं. म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"थांब, त्या गाढवाचा कानच उपटते!"

"नाही आई." तिनं मान हलवली. "तुम्ही त्यांना काही सांगायचं नाही. तुम्हाला माझी शपथ आहे."

"अगं, नवरा आहे तो तुझा!"

"म्हणूनच. परक्या माणसाला मी आणखी शंभरदा सांगितलं असतं."

लेक परगावी शिकत होती, तिची परीक्षा चालू होती, तेव्हा तिलाही कळवायचं नाही असं ठरलं. बुधवारी ती ड्यूटीवर गेली आणि शेवटची गाडी फलाटावरून सुटेपर्यंत माईकसमोरून उठली नाही. रोज ठरावीक शब्दांत घोषणा करणारी ती, त्या दिवशी शेवटी माईकवर म्हणाली, "प्रवाशांनो, सांभाळून जा. पोचल्यावर घरी कळवा." खाली उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी चमकून वर पाहिलं. या आवाजावर तिनं घर उभं केलं होतं, लेकीला शिकवलं होतं, आणि उद्या तो असेल की नसेल हे कुणालाच माहीत नव्हतं!

घरी येऊन तिनं उस्तादला सांगितलं, "उद्या सकाळी मी आणि आई निघतोय." खोटं ती एक अक्षरही बोलली नाही.

"हं. सावकाश जा," उस्ताद म्हणाला.

*

शुद्धीवर आली तेव्हा गळ्याभोवती पट्टी होती आणि उशाशी सासूबाई बसल्या होत्या. तिनं ओठ हलवले. आवाज आला नाही… नुसती हवा आली. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "गाठ निघाली, साधी होती, घाबरायचं काही नाही. पण नस दुखावलीय. आवाज येईल का, कधी येईल, ते आज सांगता येत नाही. काही आठवडे अजिबात बोलायचं नाही, कुजबुजसुद्धा नको." आणि त्यांनी तिच्या हातात एक पुसता येणारी छोटी पाटी दिली.

दुपारी उस्ताद आला. आला म्हणजे काय, धावतच आला! शर्टाचा एक खिसा तेलानं काळा झालेला, डोक्यावरचे केस उभे. घरात दोघीही नाहीत, चूल थंड, म्हणून त्यानं 'कुठे आहात' असा निरोप लिहायला घेतला होता, आणि लिहिता लिहिता त्याला वरचा तिचा निरोप दिसला होता… आणि निरोपाखाली स्वतःचा अंगठा. त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

"हे… हे मी पाठवलं?"

तिनं मान डोलावली.

"मी वाचलंच नव्हतं गं! तुझं नाव दिसलं की हात आपोआप… अगं, वाचलंच नव्हतं मी!" पलंगाचा कठडा धरून तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. खोलीतल्या इतर बायका बघायला लागल्या. "आई, तू तरी सांगायचंस!"

"मला शपथ घातली होती!" सासूबाई ओरडल्या. "आणि तुला रे काय घातलं होतं? झापड?"

तिचं हृदय पाघळलं, हे खरं. इतक्या वर्षांचा संसार, त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून कुणाचं पाघळणार नाही? तिचा हात त्याच्या केसांकडे निघालाही होता. पण दुसऱ्या दिवशी काय झालं ऐका. उस्ताद सकाळीच आला, स्टूल ओढून तिच्या उशाशी बसला, आणि खिशातून फोन काढून म्हणाला, "बघ, ग्रुपवर तुझ्याबद्दल टाकलं मी. सगळे किती काळजी करतायत बघ!" आणि वाचायला लागला. 'वहिनींना लवकर आराम पडो.' 'उस्ताद, धीर सोडू नका.' 'वहिनी, लढा!' कोण कुठले फ्रीजवाले, त्यांनी पाठवलेले जोडलेले हात, फुलं, दिवे… एकेक करून वाचत होता, आणि वाचताना त्याची मान खाली होती. पाण्याचा पेला तिच्या हाताला लागत नव्हता, ती हात लांबवत होती, आणि तो वाचत होता, "हे बघ, हा तर समुद्रापलीकडून लिहितोय!"

पेला पडला. पाणी त्याच्या पायावर सांडलं तेव्हा त्यानं वर पाहिलं.

तिनं पाटी उचलली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'डॉक्टरांना लिहून सांगेन. नर्सला लिहून सांगेन. तुम्हाला नाही. तुमच्यासाठी हे शेवटचं. काय म्हणतेय ते कळायला हवं असेल, तर माझ्याकडे बघा.' त्याचं वाचून झाल्याबरोबर तिनं ते पुसून टाकलं.

"अगं, पण मोबाईलवर लिहायला काय हरकत आहे? लगेच वाचीन मी! आता नक्की वाचीन!"

तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

*

घरी आल्यावर जे सुरू झालं, ते बघून शेजारच्यांना वाटलं असेल, या घरात मुक्यांचं नाटक बसवतायत! ती ओठांनी म्हणायची 'चाकू', उस्ताद आणायचा छत्री. ती दाखवायची खिडकी लावा, तो दिवा लावायचा. सासूबाई पोट धरून हसायच्या, "अरे, मला बहिरीला कळतं आणि तुला धडधाकट असून कळत नाही?" पण तिचा नियम एकच होता, आणि त्यात तिनं तसूभरही सवलत दिली नाही. ती बोलत असताना खिशात टिंग वाजलं, त्याचे डोळे खाली गेले, की ती अर्ध्या शब्दावर ओठ मिटायची. मग तो कितीही "बोल ना, बोल ना" करो, ते वाक्य गेलं ते गेलं.

एकदा तो कामाला निघताना ती दारात काहीतरी सांगायला लागली आणि नेमका फोन वाजला. त्यानं खाली बघितलं. तिनं तोंड मिटलं. "काय म्हणत होतीस? महत्त्वाचं होतं का? डॉक्टरांकडे जायचंय का? दुखतंय का?" ती शांतपणे आत निघून गेली. दिवसभर त्याच्या जिवाला घोर लागला. संध्याकाळी परत आला तो ओशाळ्या चेहऱ्यानं, कारण शर्टाची बटणं वर-खाली लागली होती आणि तसाच तो तीन गिऱ्हाइकांकडे फिरून आला होता. "हेच सांगत होतीस ना तू?" तिनं होकारार्थी मान डोलावली आणि सगळ्या आजारपणात पहिल्यांदा तिला मनापासून हसू आलं. आवाज नसलेलं हसू, खांदे हलवणारं.

त्यानंतर तो घरात शिरताना फोन हत्यारांच्या पेटीत टाकायला लागला. पेटी स्कूटरच्या डिकीत, आणि डिकीला कुलूप. सुरुवातीला त्याचा उजवा अंगठा मांडीवर उगाचच वर-खाली व्हायचा. ते बघून तिला रागही यायचा आणि दयाही. पण हळूहळू अंगठा थांबला. चेहरा वर आला. तो समोर बसायचा आणि तिच्या ओठांकडे असा बघायचा, की तिलाच लाज वाटून पदर सावरावासा वाटायचा… या वयात!

एका संध्याकाळी गॅलरीत बसल्या बसल्या तिनं ओठांनी विचारलं, का? का इतकं त्या फोनमध्ये शिरलात?

त्याला पहिल्या खेपेलाच कळलं.

"खरं सांगू? रागावू नकोस. तू तिकडे तोंड उघडलंस की अख्खं स्थानक ऐकतं. मी काय, दिवसभर लोकांच्या फ्रीजमागे डोकं घालून बसणारा. बाई दार उघडते, म्हणते, 'चप्पल बाहेर काढा', काम झालं की म्हणते, 'इतकं सोपं होतं?' तिकडे ग्रुपवर मला लोक उस्ताद म्हणतात गं. विचारतात. थांबतात माझ्यासाठी. इथे मला कुणी काही विचारतच नाही, नुसतं सांगतात. भाजी आण, फी भर…" त्यानं अंगठा मुठीत मिटला. "माझं चुकलंच. नाही असं म्हणत नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगितलं."

ती अंतर्मुख झाली. खरंच, आपण या माणसाला शेवटचं कधी विचारलं होतं, तुमचा दिवस कसा गेला म्हणून? उपेक्षा काय एकाच बाजूनं झाली होती? तिनं त्याचा तेलकट हात हातात घेतला आणि ओठांनी एकच प्रश्न विचारला, आज कुठला फ्रीज होता? आणि उस्ताद सांगत सुटला… दिवेलागण होईपर्यंत सांगत होता!

*

आणि मग एके दिवशी दूध उतू गेलं.

दुपारची वेळ, उस्ताद कामावर, सासूबाई आत पडलेल्या. ती वळली तो फेस भांड्याच्या काठावरून खाली येत होता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई!"

आवाज! खरखरीत, फाटका, जाड… पण आवाज! तिनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. "अगं बाई," ती पुन्हा म्हणाली. "प्रवाशांनी लक्ष द्यावं…" तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आनंदानं तिला नाचावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं, धावत जाऊन उस्तादला सांगावंसं…

उस्तादला!

आवाज परत आला, म्हणजे सगळंच परत येणार की! ती मागून बोलू शकणार, दुसऱ्या खोलीतून बोलू शकणार, आणि तो 'हं' म्हणणार. डिकीचं कुलूप उघडणार. आत्ता कुठे मिळालेला तो चेहरा, ते तिच्यावर खिळलेले डोळे, ते सगळं पुन्हा खाली जाणार. नाही! तिनं पदरानं डोळे पुसले आणि ओठ घट्ट मिटले.

सासूबाईंपासून मात्र लपलं नाही. ऐकू येत नव्हतं म्हणून काय झालं? त्यांनी तिला एकटीच ओट्याशी पुटपुटताना पकडलं, जवळ येऊन तिच्या गळ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "बोल." ती बोलली. म्हातारीच्या तळव्याला ते थरथरणं लागलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"कंठ फुटला! मग सांगितलंस का नाही त्याला?"

"आई, आवाज होता तेव्हा मला नवरा नव्हता. आवाज गेला तेव्हा मिळाला. आता तो घालवू का मी?"

"असा लबाडीनं किती दिवस बसवून ठेवशील गं त्याला समोर?"

"तुम्हाला माझी…"

"शपथ घातलीस तर बघ!" म्हातारी गरजली. पण गेली तशी काही न बोलताच.

पुढच्याच आठवड्यात स्थानकप्रमुख भेटायला घरी आले. फळं आणली होती, तोंडावर संकोच होता. चहाचा घोट घेऊन त्यांनी विषय काढला. "ताई, सगळे आठवण काढतात तुमची. पण वरून माझ्यामागे लागलेत. बदलीची मुलगी आहे ना, तिला त्या जागेवर कायम करा म्हणतात. मी थांबवून धरलंय. तुमचा आवाज थोडा जरी आला असेल ना, अगदी थोडा, तर मी आजच कळवतो, जागा तुमचीच राहील. नाहीतर मग तुम्हाला आतल्या खोलीत, फाइलींच्या कामावर…" ते थांबले. "आलाय का हो थोडा तरी?"

माईकची ती काचेची खोली तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. खाली ती माणसांची गर्दी, वर होणारे ते चेहरे. सगळं आयुष्य तिथे गेलं होतं! नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. पण समोर उस्ताद बसला होता. तिच्याकडे बघत होता, एकटक, पापणीही न लववता. तिनं त्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं… आणि मान हलवली. नाही. आवाज आला नाही.

प्रमुखांनी सुस्कारा सोडला. "बरं. काय करणार, नशीब." ते उठले, दारापाशी गेले, चप्पल घालायला वाकले. ती भिंतीला टेकून उभी होती आणि आतल्या आत काहीतरी तुटत होतं, पण ती हलली नाही. दिलं ते दिलं!

"थांबा साहेब," उस्ताद म्हणाला.

प्रमुख थांबले.

"तिचा आवाज आलाय. बरेच दिवस झाले."

"दूध उतू गेलं होतं ना, ओटा धुतला होतास, त्या दिवसापासून," तो तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या आधी बोलताना तुझे ओठ सहज हलायचे. त्या दिवसापासून तू ते ताणायला लागलीस. आणि गळ्याशी ही इथली शीर, ती आधी गप्प असायची, आता हलते. तू दाबून धरतेस तरी हलते. बंद पडलेलं मशीन आणि बंद ठेवलेलं मशीन यातला फरक मला कळतो गं. रोज बघतोय ना मी तुला."

"मग…" तिच्या तोंडून शब्द निघून गेला. तिला स्वतःलाच तो ऐकून दचकायला झालं. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू एवढा मोठा आनंद माझ्यापासून लपवतेयस, म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा नाही. तो काय मागून मिळतो? वाट बघत होतो." त्याचे डोळे भरून आले. "पण तू माईक सोडून देशील असं वाटलं नव्हतं. माझ्यासाठी तो सोडू नकोस. मी तेवढ्या लायकीचा नाही."

आणि मग ती बोलली! तो फाटका, जाड, खरखरीत आवाज खोलीभर घुमला.

"हो, लपवला! लपवला मी आवाज! काय करणार होते? साहेब, तुम्हीच सांगा, वर्षानुवर्षं मी या घरात बोलत होते आणि भिंती ऐकत होत्या! माझ्या मरणाचं भय मी या माणसाला लिहून कळवलं, तर यानं मला अंगठा पाठवला! मुकी झाले तेव्हा माझ्याकडे बघायला लागला. मग मुकीच राहते, म्हटलं! जाऊ दे माईक, जाऊ दे स्थानक!" प्रमुख एका पायात चप्पल घालून तसेच उभे होते, बिचाऱ्यांना जाताही येईना, थांबताही येईना. तिनं श्वास घेतला. गळा दुखत होता, पण आता ती थांबणार नव्हती. "पण आता नाही! का म्हणून मी एकासाठी दुसरं सोडायचं? आवाज माझा आहे आणि नवराही माझाच आहे, दोन्ही मी कष्टानं मिळवलेत, आणि दोन्ही मला हवेत! साहेब, सोमवारपासून मी येतेय. आवाज आता असा आहे, फाटका. पहिल्यासारखा गोड ऐकायचा असेल तर मिळणार नाही. पण गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते याच आवाजात सगळ्या जगाला ऐकवीन मी!"

"या ताई, या!" प्रमुख गडबडीनं म्हणाले. "सोमवारी या! त्या मुलीचा आवाज तसाही कुणाला ऐकू जात नाही."

"काय म्हणाला तो? काय म्हणाला?" सासूबाई मध्येच ओरडल्या, प्रमुखांची पाठ त्यांच्याकडे होती. सुनेनं त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं, तशी म्हातारी टाळी वाजवून म्हणाली, "मग! मी काय सांगत होते!" खरं तर त्यांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

प्रमुख गेले. सासूबाई फळं धुवायला घेऊन गेल्या. उस्ताद खोलीच्या मधोमध तसाच उभा होता, शिक्षा ऐकायला उभा असल्यासारखा. ती त्याच्याशी काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि कणिक मळायला बसली. दाराकडे पाठ केली, मुद्दाम केली. आता तिला ओठांची गरज नव्हती, आणि तिला बघायचंच होतं… एकदा तरी बघायचंच होतं.

"अहो," न वळता ती म्हणाली. आवाज दाराबाहेरपर्यंत सहज गेला. "रात्री काय करू जेवायला?"

बाहेरून 'हं' आलं नाही. काहीच आलं नाही. तिचे हात कणकेत थांबले. मग पावलं वाजली, खोलीतून आत, तिच्या मागून बाजूला, बाजूनं पुढे. आणि उस्ताद तिच्या समोर येऊन जमिनीवर मांडी घालून बसला, अगदी तिच्या तोंडासमोर.

"आता बोल."

"अहो, आवाज आलाय माझा! तिथून ऐकू आलं नाही का?"

"आलं की."

"मग इथे कशाला आलात?"

"ऐकू आलं गं," तो म्हणाला, "पण तू बोलताना दिसली नाहीस."

इतक्यात रडून मोकळं व्हायला ती काही तयार नव्हती. पिठाच्या हातांनीच तिनं त्याची हनुवटी धरली, चेहरा वर केला आणि नीट आपल्याकडे वळवला.

"मग हलू नका इथून," ती म्हणाली. "मला खूप बोलायचंय, आणि मी एकदाच सांगणार आहे."